पूर्णविरामाच्या पुढची जागा

दिवाळी अंकासाठी लेखकांकडून फाइली यायला लागल्या की त्या वाचण्याआधी मी एक उद्योग करतो. वर्डमध्ये वरच्या पट्टीवर उलट्या ‘पी’सारखं एक चिन्ह असतं, ते दाबतो. (कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबलं तरी तेच होतं.) लगेच मजकुरातली प्रत्येक मोकळी जागा बारीक ठिपक्यासारखी दिसायला लागते. पानभर मोहरी सांडावी तशी. या मोहरीवरून लेखकाबद्दल बरंच कळतं. पूर्णविरामापुढे दोन-दोन ठिपके असतील तर हा माणूस कधीतरी टायपिंगच्या क्लासला गेलेला आहे. एकही ठिपका नसेल तर लेख फोनवर लिहिला आहे, बहुधा लोकलमध्ये उभ्याने. आणि प्रश्नचिन्हाच्या, उद्गारचिन्हाच्या आधी ठिपका असेल तर लेखक जुन्या पुस्तकांवर वाढलेला आहे, किंवा निदान त्याचा डीटीपीवाला तरी. अंदाज सहसा चुकत नाही.

लेखकाला यात काही वावगं वाटत नाही, कारण पडद्यावर वाचताना ते खुपत नाही. खुपतं ते छापल्यावर. आणि छापण्याआधी ते सगळं निस्तरणारा कुणीतरी असतो. आमच्याकडे तो मी आहे. म्हणून थोडी स्वार्थापोटी ही टिपणं.

नियम एका ओळीचा आहे. विरामचिन्हाच्या आधी जागा नाही. नंतर एक, आणि एकच. पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह या सगळ्यांना हा नियम सारखाच लागू. कंसाच्या आणि अवतरणचिन्हांच्या बाहेर जागा असते, आत नसते. संयोगचिन्हाला कुठेच जागा नाही: ये-जा, आई-वडील. अपसारणचिन्हाला, म्हणजे लांब रेघेला, मराठीत दोन्ही बाजूंनी एकेक जागा देण्याची रीत आहे. हे एवढं पाळलंत आणि पुढचं काही वाचलं नाहीत तरी माझं निम्मं काम वाचेल.

आता त्या ‘एकच’बद्दल, कारण वाद तिथेच होतात.

मी टायपिंग शिकलो तेव्हा क्लासमध्ये ओळीने लोखंडी यंत्रं मांडलेली असायची आणि सर मागून फिरत असायचे. वाक्य संपलं की पूर्णविराम, मग स्पेसबार दोनदा. एकदाच दाबला तर आवाजावरून त्यांना कळायचं. ही शिस्त बोटांत इतकी मुरली की माझ्या पिढीतल्या कित्येकांना आजही पूर्णविरामानंतर अंगठा दोनदा आपटल्याशिवाय वाक्य संपल्यासारखं वाटत नाही. त्या यंत्रावर ते बरोबरही होतं. टाइपरायटरवर प्रत्येक फटक्याला कागद सारखाच पुढे सरकतो. इंग्रजीतला चिंचोळा ‘आय’ असो की ऐसपैस ‘एम’, दोघांना जागा तेवढीच. मराठी यंत्राची तऱ्हा आणखी वेगळी: ‘ख’ एका फटक्यात उमटत नाही, आधी अर्धा ख आणि मग काना, म्हणजे दोन फटके. अशा यंत्रावर पूर्णविराम आपल्या अख्ख्या घरात एकटाच तळाशी बसतो आणि आजूबाजूची अक्षरंही विरळच असतात. दोन शब्दांमधली जागा आणि दोन वाक्यांमधली जागा यांत फरक दिसावा म्हणून दुसरी स्पेस लागायची.

दोन स्पेसची ही चाल टाइपरायटरने आणली असं सर्रास सांगितलं जातं. ते तितकंसं खरं नाही. खिळ्यांच्या छपाईतही इंग्रजी जुळारी वाक्य संपल्यावर शब्दांमधल्यापेक्षा बरीच रुंद कोरी पट्टी घालत. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ या अमेरिकेतल्या प्रसिद्ध नियमपुस्तिकेची पहिली आवृत्ती १९०६ची. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही रुंद जागा सांगितली होती. पुढे विसाव्या शतकात छापखान्यांनीच ती सोडून दिली आणि तीच पुस्तिका आज एका जागेचा आग्रह धरते. टाइपरायटर मात्र घरोघरी आणि कचेऱ्यांत राहिला, त्यामुळे छापखान्यातून गेलेली सवय टायपिस्टांच्या बोटांत टिकली.

इंग्रजीतलं भांडण आता जवळपास मिटलं आहे. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी ज्या ‘एपीए’ शैलीचा जप करतात, तिच्या २००९च्या आवृत्तीने कच्च्या खर्ड्यांसाठी दोन जागा सुचवल्या होत्या. २०१९च्या सातव्या आवृत्तीने त्या काढून एकच ठेवली. २०२० साली मायक्रोसॉफ्टने वर्डमध्ये दोन जागांखाली चूक दाखवणारी रेघ मारायला सुरुवात केली. दोन जागांचे कैवारी अजूनही एका प्रयोगाचा दाखला देतात. २०१८ साली अमेरिकेतल्या स्किडमोर कॉलेजमध्ये ६० विद्यार्थ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली गेली आणि दोन जागांचा किंचित फायदा दिसला. पण तो मजकूर ‘कुरियर न्यू’ या फाँटमध्ये होता. हा फाँट टाइपरायटरसारखाच, प्रत्येक अक्षराला सारखी जागा देणारा. यंत्राच्या अक्षरात यंत्राचा नियम चालला, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

मराठीचा प्रश्न मात्र इंग्रजीची नक्कल करून सुटणारा नाही, कारण आपलं अक्षर डोक्यावर रेघ घेऊन चालतं.

एक वाक्य मोठ्या अक्षरात टाइप करून बघा: ‘पाऊस आला. भाऊ नव्हता.’ ‘आला’च्या कान्यापाशी शिरोरेखा संपते. पुढे पूर्णविराम आहे, पण तो पार तळाशी. त्याच्या डोक्यावर रेघ नाही. मग एक जागा. मग ‘भ’, ज्याच्या शिरोरेखेला सुरुवातीलाच खंड असतो. म्हणजे रेघेच्या उंचीवरून बघितलं तर पूर्णविरामाची रुंदी, स्पेसची रुंदी आणि ‘भ’ची ती खाच मिळून चांगलं मोठं खिंडार पडलेलं असतं. मराठी वाचणारा डोळा मुख्यतः या रेघेवरून घसरत जातो. शब्द संपला की रेघ थोडी तुटते, वाक्य संपलं की जास्त तुटते. हा फरक देवनागरीत आपोआप होतो, रोमनमध्ये होत नाही. त्यावर आणखी एक स्पेस टाकली की वाक्यांच्या मध्ये दात पडल्यासारखं दिसतं, आणि पुढचं वाक्य ‘ध’, ‘भ’ किंवा ‘थ’ने सुरू होत असेल तर जास्तच.

मुळात मोकळी जागा ही आपल्याकडची जुनी चीज नाही. पोथ्या सलग लिहिल्या जात. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरं टांगी. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. ओवी किंवा श्लोक संपल्याची खूण म्हणजे दंड. मराठी गद्यात विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले ते सहकारी. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची. हिंदीने दंड सोडला नाही, मराठीने मात्र इंग्रजी ठिपका घेतला. घेतला तो चिन्ह म्हणून. त्याच्यासोबत येणारी मोठी अक्षरं आपल्याकडे नव्हतीच.

इथे एखादा चाणाक्ष वाचक मला अडवेल. इंग्रजीत नवं वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होतं, त्यामुळे ठिपका नजरेतून निसटला तरी वाक्य सुरू झाल्याचं कळतं. मराठीत ती सोय नाही, मग आपल्याला दोन जागांची गरज जास्त नाही का? आक्षेप रास्त आहे आणि शिरोरेखेच्या खिंडाराने त्याचं अर्धंच उत्तर दिलं जातं. उरलेली अडचण संक्षेपांची. ‘डॉ.’, ‘रु.’, ‘इ. स.’, ‘कि.मी.’ या सगळ्यांत तोच ठिपका असतो. ‘गाव तिथून १० कि.मी. रस्ता कच्चा आहे.’ यात वाक्य कुठे संपलं? जागा वाढवून हा गोंधळ जात नाही, शब्द बदलला की जातो. ‘गाव तिथून दहा किलोमीटर. रस्ता कच्चा आहे.’ वाक्याच्या शेवटी संक्षेप येऊ द्यायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. त्यासाठी चार अक्षरं जास्त टाइप करावी लागली तरी हरकत नाही.

संक्षेपांची दुसरी खोड ओळीच्या शेवटी कळते. ‘पु.’ एका ओळीच्या टोकाला आणि ‘ल. देशपांडे’ दुसऱ्या ओळीवर, हे छापील पुस्तकांतही दिसतं. ‘रु.’ वर आणि ‘५००’ खाली, ‘पृ.’ वर आणि ‘४५’ खाली, हेही तसंच. यावर उपाय म्हणजे न तुटणारी जागा. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेसबार दाबा. दिसायला साधीच जागा, पण तिच्या दोन बाजूंचे शब्द कधीही वेगळ्या ओळींवर जात नाहीत. ते उलटं ‘पी’ चालू असेल तर ही जागा ठिपक्याऐवजी अंशाच्या चिन्हासारख्या लहान गोलाने दिसते. आद्याक्षरांमध्ये जागा द्यायची की ‘पु.ल.’ असं चिकटवायचं, याबद्दल प्रकाशकांत एकमत नाही. मी देतो, कारण नावाची दोन अक्षरं म्हणजे दोन शब्द. पण तुम्ही चिकटवलंत तर मी भांडणार नाही. एकाच लेखात दोन्ही केलंत तर भांडेन.

आकड्यांपुढच्या प्रत्ययांचंही असंच. मी ‘१९६०चा’, ‘५०ला’ असं जोडून लिहितो आणि ‘१९६० मध्ये’, ‘१९६० नंतर’ असं सोडून. एका अक्षराचा प्रत्यय अंकाला चिकटतो, त्याहून लांब काही चिकटवलं की अंक हरवतो, हे त्यामागचं माझं साधं गणित.

आता विरामचिन्हाच्या आधीच्या जागेकडे येऊ. ही सवय मूर्खपणाची नाही, तिला इतिहास आहे. ‘अहाहा!’ असं लिहून बघा. शेवटच्या कान्याला लागून उद्गारचिन्ह आलं की दोन कानेच शेजारी उभे असल्यासारखं वाटतं. हिंदीत दंडाचं हेच होतं, म्हणून तिकडच्या चांगल्या छपाईत दंडाच्या आधी अगदी बारीक जागा सोडलेली दिसते. आपल्या जुळाऱ्यांनीही ‘!’, ‘?’ आणि ‘;’ यांच्या आधी पातळ पट्टी घातली. जुनी मराठी पुस्तकं उघडून बघा, ती फट दिसेल. पण जुळाऱ्याच्या हाताशी वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या असत: अक्षराच्या उंचीच्या एक तृतीयांश, एक चतुर्थांश, एक पंचमांश. तो त्यातली सगळ्यात पातळ उचलायचा. तुमच्या कीबोर्डवर एकच पट्टी आहे आणि ती जाड आहे. शिवाय खिळ्यांच्या ओळीत उद्गारचिन्ह कुठे पडायचं ते जुळारी ठरवायचा. संगणकाला मात्र स्पेस म्हणजे ओळ तोडायची परवानगी. त्यामुळे ‘अरे वा’ एका ओळीवर राहतं आणि उद्गारचिन्ह पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, एकटं, लग्नात चुकलेल्या पोरासारखं उभं राहतं. फट हवीच असेल तर ती मांडणी करणाऱ्याला घालू द्या. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याकडे केसाएवढी जागा घालायची सोय आहे. लेखकाने टाइप करताना ते चिन्ह अक्षराला चिकटवूनच द्यावं. देवनागरी अक्षरांच्या या बारकाव्यांत कुणाला खरंच रस असेल तर बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा १९७१चा तीन खंडांचा ग्रंथ मोठ्या ग्रंथालयात शोधा. महाराष्ट्र सरकारच्या भाषा संचालनालयाने तो छापला होता.

फोनवरच्या मजकुराची गोष्ट उलटी. तिथे जागा जास्त नसते, नसतेच. ‘काल गेलो.तिथे कुणी नव्हतं.परत आलो.’ अंगठ्याने लिहिणाऱ्याला स्पेसबारपर्यंत जायचा कंटाळा. गंमत अशी की फोनमध्ये यासाठीच एक सोय आहे: शब्दानंतर स्पेसबार पटकन दोनदा दाबला की बहुतेक कीबोर्ड पूर्णविराम आणि त्यापुढची एक जागा दोन्ही आपणहून घालतात. (टाइपरायटरवरचा दोनदा दाबण्याचा संस्कार इथे कामाला आला म्हणायचा.) हिंदी कीबोर्ड लावून मराठी लिहिणाऱ्यांना मात्र तिथे पूर्णविरामाऐवजी दंड मिळू शकतो. चांगल्या मराठी लेखात अचानक ‘आले।’ दिसलं की मी कीबोर्डलाच दोष देतो.

ठिपक्यापुढे जागा न देणं नुसतं दिसायला वाईट नाही. वाक्य कुठे तुटतं हे यंत्र ठिपका आणि त्यापुढची जागा या दोन्हींवरून ओळखतं. मराठीत मोठ्या अक्षराचा आधार नसल्यामुळे दुसरं काही त्याच्या हातात नसतंच. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला ‘गेलो.तिथे’ एका श्वासात ऐकावं लागतं. शिवाय वेबपत्त्यांना आता ‘.भारत’ असं देवनागरी शेपूटही मिळतं. तेव्हा ‘विजय असो.भारत माझा देश आहे’ असं लिहिलंत आणि ॲपने त्यातल्या काही अक्षरांचा निळा दुवा केला, तर चूक ॲपची नाही.

फोनमुळे आलेली दुसरी साथ जागेचीच आहे, पण वाक्याच्या आतली. ‘आई ला सांग’, ‘शाळे त’, ‘घरा समोर’. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मराठीत शब्दाला जोडूनच लिहितात. हिंदीत ‘घर के सामने’ सुटं असतं, आपल्याकडे ‘घरासमोर’ एकच शब्द. नियम ठाऊक असलेले लोकही ही चूक करतात ती कीबोर्डमुळे: वरच्या पट्टीतून सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड त्यापुढे स्वतःच जागा घालतो, आणि मग टाइप केलेला ‘ला’ किंवा ‘त’ अनाथ होतो. सुचवलेला शब्द घ्यायचा असेल तर प्रत्यय टाइप करण्याआधी एकदा मागची कळ दाबायची सवय लावून घ्या. ‘मीसुद्धा’, ‘तूच’, ‘तोही’ हेसुद्धा जोडूनच.

संगणकावर इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. या कीबोर्डवर इंग्रजीतल्या अर्धविराम-अपूर्णविरामाच्या कळीवर ‘च’ आणि ‘छ’ बसले आहेत, अवतरणचिन्हांच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’. म्हणजे अपूर्णविराम हवा तर इंग्रजीत जा, टाइप करा, परत मराठीत या. कोण जाणार? मग हाताशी जे त्याच्यासारखं दिसतं ते वापरलं जातं: विसर्ग. लग्नपत्रिकांवर ‘स्थळः’ आणि ‘वेळः’ असं छापलेलं तुम्ही शेकड्याने पाहिलं असेल. त्याला संस्कृतातली वेळ म्हणून खपवता येईल, पण तो विसर्ग आहे आणि विसर्ग अक्षराचा भाग असतो. त्याच्या आधी कुणी जागा सोडली की त्याला चिकटायला अक्षर मिळत नाही आणि संगणक त्या जागी ठिपक्यांचं एक गोल काढून दाखवतो. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर ‘वेळ’च्या पुढे ते गोल दिसलं की समजावं, कुणीतरी अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाकला आणि वर जागाही सोडली.

उलट चूकही तितकीच होते, आणि ती लपून राहते: ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम. कागदावर फरक कळत नाही. पण फाइलमध्ये ‘दुःख’ शोधायला गेलात तर ‘दु:ख’ सापडत नाही, शब्दसूचीत ते वेगळं पडतं, आणि ओळीच्या शेवटी ‘दु:’ वर आणि ‘ख’ खाली अशी फाळणी होऊ शकते. ‘स्वतः’, ‘अंतःकरण’, ‘प्रातःकाल’ हे नेहमीचे बळी. इनस्क्रिप्टमध्ये विसर्ग संयोगचिन्हाच्या कळीवर शिफ्टसह मिळतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

अवतरणचिन्हांतली चूक जागेच्या चुकीतूनच जन्मते, हे फार कमी लोकांच्या लक्षात आलेलं असतं. वर्ड सरळ अवतरणचिन्हाचं आपोआप वळणदार करून देतो, पण ते उघडायचं की मिटायचं हे तो मागच्या अक्षरावरून ठरवतो. मागे जागा असेल तर उघडतं, मागे अक्षर किंवा स्वल्पविरामासारखं चिन्ह चिकटलेलं असेल तर मिटतं. त्यामुळे ‘तो म्हणाला’नंतर स्वल्पविराम देऊन जागा न सोडता अवतरण सुरू केलंत, की पान असं दिसतं: तो म्हणाला,”मी येतो.” सुरुवातीलाच मिटलेलं चिन्ह. ते उलटं करत बसू नका; स्वल्पविरामापुढे जागा द्या आणि चिन्ह पुन्हा टाइप करा, ते आपणहून वळेल. पूर्णविराम बोलणाऱ्याच्या वाक्याचा असेल तर तो अवतरणाच्या आत.

दंडाबद्दल दोनच शब्द. अभंग किंवा ओवी उद्धृत करताना दंड लागतो आणि तो इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह पूर्णविरामाच्या कळीवर आहे. त्याच्या जागी इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ वापरू नका; ती उंचीला वेगळी पडते. दुहेरी दंड हे स्वतंत्र चिन्ह आहे, दोन एकेरी दंडांची बेरीज नव्हे.

एवढं करूनही पान विरळ दिसत असेल तर दोष तुमच्या स्पेसबारचा नसून दोन्ही कडा सरळ करण्याच्या हौसेचा आहे. प्रत्यय जोडल्यामुळे मराठी शब्द लांब होतात: ‘विद्यापीठांमधल्यासारखीच’ हा एक शब्द आहे. अरुंद रकान्यात असा शब्द ओळीवर मावला नाही की तो पुढच्या ओळीवर जातो आणि मागे राहिलेले तीन शब्द रबरासारखे ताणले जातात. दोन जागा असतील तर ताण दुप्पट. चार ओळींत अशा फटी एकाखाली एक आल्या की पानात पांढरे ओहोळ वाहायला लागतात. इनडिझाइन मुळात शब्दांमधली जागा ८० ते १३३ टक्क्यांपर्यंत ताणायची मुभा देतं. मराठी रकान्यात ते तेवढ्यावरही थांबत नाही. अहवाल, परिपत्रक, प्रकल्प असं काही घरच्या घरी वर्डमध्ये करत असाल तर डावी कड सरळ ठेवा आणि उजवी मोकळी सोडा. नीटनेटकं दिसत नाही असं वरिष्ठ म्हणतील. वाचायला सोपं जातं, हे त्यांना वाचल्यावर कळेल.

आणि जुन्या फाइली? त्या स्वच्छ करायला पाच मिनिटं लागतात, घाई केली तर पाच तास. आधी फाइलची प्रत काढा. मग कंट्रोल-एच. वरच्या चौकटीत दोन जागा, खालच्या चौकटीत एक, आणि ‘रिप्लेस ऑल’. कुठे तीन किंवा चार जागा असतात, म्हणून शून्य बदल झाल्याचं उत्तर येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा दाबा. इनडिझाइनमध्ये शोधा-बदलाच्या यादीत अनेक जागांची एक करण्याची तयार आज्ञाच आहे. मग वरच्या चौकटीत जागा आणि पूर्णविराम, खालच्या चौकटीत नुसता पूर्णविराम. तसंच स्वल्पविरामाचं, प्रश्नचिन्हाचं, उद्गारचिन्हाचं. इथपर्यंत बिनधास्त.

पण पूर्णविरामापुढे नसलेली जागा घालायला ‘रिप्लेस ऑल’ कधीही वापरू नका. ‘सकाळी १०.३०’चं ‘१०. ३०’ होतं, साडेबारा रुपयांचे तुकडे पडतात, ‘कि.मी.’ फुटतं, ईमेलचे पत्ते निकामी होतात. ती जागा एकेक बघूनच घालावी लागते, त्याला सोपा मार्ग नाही. परिच्छेदाची सुरुवात आत घ्यायला पाच-सहा जागा मारल्या असतील, किंवा तक्ता स्पेसबारने आखला असेल, तर या सफाईत तेही सगळं कोसळेल. ते कोसळू द्या आणि परिच्छेदाला इंडेंट द्या, तक्त्याला तक्ता द्या.

माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. एका अंकाच्या वेळी सगळ्या फाइली एकत्र केल्या आणि रात्री उशिरा एकदाच ‘रिप्लेस ऑल’ मारला. हजारो बदल झाले, समाधान वाटलं. त्यात एक कविता होती. कवीने ओळी पायऱ्यापायऱ्यांनी आत नेल्या होत्या, दोन शब्दांमध्ये मुद्दाम सात-आठ जागांची दरी ठेवली होती, आणि ते सगळं स्पेसबारने. मी तिचा डावीकडे टेकलेला, शिस्तीत उभा ठोकळा करून टाकला आणि तो तसाच छापून आला. कवीने मला फोन केला नाही, हे जास्त लागलं.

तेव्हा गद्य पाठवत असाल तर पाठवण्याआधी ते उलटं ‘पी’ एकदा दाबून बघा. आणि कविता असेल तर मेलमध्ये तसं लिहा; तिच्यातल्या एकाही जागेला मी हात लावणार नाही.